इंजिन कुठलं, हा प्रश्न तिसरा

वाचकाचं पत्र:

"माझ्याकडे १९६९ सालचा शेव्हरोले सी-१० पिकअप आहे, आखूड हौद्याचा. २५० क्यूबिक इंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंग कॉलमवर तीन गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. चालतो, पण धूर सोडतो आणि हायवेवर नेण्याची हिंमत होत नाही. मी आणि माझी सतरा वर्षांची मुलगी मिळून तो नव्यानं बांधायचं ठरवतोय. बाहेरून जुनाच दिसावा, चालायला मात्र आजच्या गाडीसारखा असावा. मित्र म्हणतात, डोळे झाकून जनरल मोटर्सचं ५.३ लिटरचं एलएस इंजिन घाल. एक जण म्हणतो, इलेक्ट्रिक कर. मुलीचं म्हणणं, आधी अख्खी गाडी सुटी करू, चेसिस रंगवू आणि मग एकेक नवा भाग चढवू. मला वाटतं, असं केलं तर गाडी पुन्हा उभीच राहणार नाही. यावरून आमच्यात रोज वाद होतात. इंजिन कुठलं घेऊ आणि सुरुवात कुठून करू? – एक वाचक, अमेरिका"

सप्रेम नमस्कार.

पत्र वाचून फार बरं वाटलं, आणि बाप-लेक मिळून हे करताय याचा आनंद जास्त. पण उत्तर तुम्ही विचारलेल्या क्रमानं देत नाही. तुमच्या यादीत इंजिन पहिलं आहे. माझ्या मते ते तिसरं. त्याआधी दोन गोष्टी ठरल्या पाहिजेत. गाडी जमिनीपासून किती उंचीवर उभी राहणार, आणि ती थांबणार कशी. या दोन्ही पक्क्या झाल्या की इंजिनाचा निम्मा निर्णय झालेला असतो. उलट क्रमानं गेलात तर बरेचसे भाग दोनदा विकत घ्यावे लागतात आणि ब्रॅकेट कापून पुन्हा वेल्ड करावे लागतात.

उंचीचं आधी सांगतो, कारण याकडे बहुतेकांचं लक्ष शेवटी जातं. सी-१० थोडा खाली बसलेला छान दिसतो, त्यामुळे पुढून चार आणि मागून सहा इंच उतरवण्याची पद्धत सर्रास आहे. पण सहा इंच म्हणजे नुसत्या स्प्रिंगा बदलणं नव्हे. मागचा एक्सल फ्रेमच्या इतका जवळ येतो की खड्ड्यात तो फ्रेमवर आदळतो. म्हणून एक्सलच्या वर फ्रेमला खालून अर्धगोल खाच कापून तिला जाड पोलादी जोड द्यावा लागतो. तुमच्या गाडीला मागे कॉइल स्प्रिंगा, दोन लांब ट्रेलिंग आर्म आणि आडवी पॅनहार्ड रॉड असणार. गाडी उतरवली की या रॉडचा कोन बदलतो आणि ती अख्खा एक्सल एका बाजूला ढकलते. म्हणजे लांबी कमी-जास्त करता येणारी रॉड लागते. जुने शॉक अब्सॉर्बर लांब पडतात. डिफरन्शियलच्या तोंडाचा कोन बदलतो, त्यामुळे प्रोपेलर शाफ्टचं गणित बदलतं. पुढच्या बाजूला स्प्रिंग कापून किंवा तापवून गाडी कधीही उतरवू नका. ड्रॉप स्पिंडल वापरा (स्पिंडल म्हणजे पुढचं चाक ज्यावर फिरतं तो आस). त्यात चाकाचा हब स्पिंडलवरच वर सरकवलेला असतो, त्यामुळे आर्मचे कोन कारखान्यातून आले तसेच राहतात आणि गाडी सरळ धावते.

म्हणून पहिली खरेदी चाकं आणि टायर. पैसे एकदम घालायचे नसतील तर टायरच्या व्यासाचे आणि रुंदीचे जाड पुठ्ठ्याचे नमुने करा. गाडी स्टँडवर घ्या, पुढच्या स्प्रिंगा काढा, जॅकनं आर्म पूर्ण वर-खाली करा आणि प्रत्येक उंचीला स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. कुठे मडगार्डच्या आतल्या पत्र्याला घासतंय, कुठे फ्रेमला लागतंय, ते खडूनं तिथेच लिहून ठेवा. एका दुपारचं काम आहे, आणि पुढची सगळी मापं यावरच उभी राहतात.

दुसरा प्रश्न ब्रेकचा. इथे थोडं रेंगाळतो, कारण एक भाग बदलला की मागे किती भाग येतात हे ब्रेकवरून जितकं नीट कळतं तितकं दुसऱ्या कशावरून कळत नाही.

तुमच्या १९६९ च्या गाडीला सहा नटांची चाकं आहेत, साडेपाच इंचाच्या वर्तुळावर. शेव्हरोलेनं या ट्रकला पुढचे डिस्क ब्रेक १९७१ पासून कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली आणि त्याचबरोबर चाकं पाच नटांची केली, पाच इंचाच्या वर्तुळावर. १९७१-७२ च्या ट्रकचा पुढचा अख्खा क्रॉसमेंबर (फ्रेमच्या दोन दांड्या जोडणारा आडवा भाग) आर्म, स्पिंडल, डिस्क-कॅलिपरसकट मिळाला तर तो तुमच्या फ्रेमला बोल्टांनी बसतो. उत्तम उपाय आहे. पण मग पुढे पाच नट, मागे सहा. दोन प्रकारची चाकं कोणी बाळगत नाही, तेव्हा मागच्या एक्सलचे शाफ्ट आणि ड्रम बदलणं आलं. सहाच नट ठेवायचे असतील तर सहा नटांच्या डिस्कचे किटही मिळतात. दोन्ही वाटा बरोबर आहेत. फक्त चाकं विकत घेण्याआधी त्यातली एक निवडा.

आता मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलचा जोर ऑइलच्या दाबात बदलणारा भाग. डिस्कच्या कॅलिपरला ड्रमच्या व्हील सिलिंडरपेक्षा खूप जास्त ऑइल लागतं, त्यामुळे चार ड्रमचा मास्टर सिलिंडर चालत नाही. मोठ्या बोअरचा घेतला की ऑइल जास्त जातं, पण पेडल कडक होतं; लहान बोअरचा घेतला की पेडल हलकं, पण ते खोल जातं. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नसेल तर पेडलचं गुणोत्तर साधारण सहास एक लागतं, बूस्टर असेल तर चारास एक. बूस्टर लावून पेडलच्या जुन्याच छिद्रात रॉड अडकवली तर ब्रेक इतके हळवे होतात की टाच टेकली तरी गाडी आचके खाते. ड्रमच्या लाइनमध्ये सुमारे १० पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड) दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो चुकून डिस्कच्या लाइनमध्ये राहिला तर पॅड सतत घासत राहतात आणि डिस्क तापून निळी पडते. शिवाय रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो. जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी आडवी फिरते. त्यासाठी मागच्या लाइनमध्ये दाब कमी-जास्त करता येणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह घाला आणि मोकळ्या, सपाट जागेत, हौदा रिकामा ठेवून तो असा लावा की पुढची चाकं आधी धरतील. हँडब्रेकही याच टप्प्यात पूर्ण करा. नंतर बघू म्हणून सोडलेला हँडब्रेक कितीतरी देखण्या गाड्यांत शेवटपर्यंत बसत नाही.

आणि इथेच इंजिनाचा संबंध येतो. बूस्टर चालतो इंजिनाच्या व्हॅक्यूमवर. मोठी कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) घातलेलं इंजिन आयडलला पुरेसा व्हॅक्यूम देत नाही. मग पॉवर स्टिअरिंगच्या पंपावर चालणारा हायड्रोबूस्ट लागतो आणि मग पंपही त्याला साजेसा लागतो. म्हणून म्हटलं, आधी थांबण्याचं ठरवा.

हे दोन प्रश्न कागदावर सुटले की फ्रेमकडे बघा. नुसतं बघू नका, तपासा. स्टिअरिंग बॉक्स जिथे फ्रेमला बसतो तिथे आणि क्रॉसमेंबरच्या रिव्हेटांभोवती वायर ब्रशनं धातू उघडा करा. मग डाय पेनिट्रंटचं किट आणा. लाल द्रव फवारा, थोडा वेळ मुरू द्या, कापडानं पुसून घ्या आणि वरून पांढरा डेव्हलपर मारा. तडा असेल तर पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ उमटते, जी नुसत्या डोळ्यांना कधीच दिसली नसती. पन्नास वर्षं स्टिअरिंग बॉक्सचा पीळ सोसलेल्या पन्हाळीसारख्या फ्रेमला तिथे तडा असणं मुळीच नवलाचं नाही. सापडला तर घाबरू नका. दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून तडा थांबवायचा, व्ही आकारात खरवडून वेल्ड भरायचा आणि वरून शंकरपाळ्याच्या आकाराची पट्टी लावायची. चौकोनी पट्टी लावली तर तिची उभी कड फ्रेमवर सगळा ताण एकाच रेषेत आणते आणि पुढचा तडा नेमका तिथून जातो. हे काम मात्र मुरलेल्या वेल्डरकडूनच करून घ्या.

गंजाचंही इथेच बघून घ्या. या पिढीच्या केबिनला खालचे कोपरे, दाराखालचे रॉकर, पुढचे केबिन माउंट आणि छताच्या कडेची पन्हळ या जागा आधी खातात. मॅग्नेट फिरवा, चिकटला नाही तर रंगाखाली पुट्टी आहे. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघा.

आता इंजिन.

तुमचे मित्र चुकीचं सांगत नाहीत. जनरल मोटर्सचं हे ॲल्युमिनियम ब्लॉकचं इंजिन एलएस-१ म्हणून १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये आलं, आणि १९९९ पासून त्याच कुळातली ४.८, ५.३ आणि ६.० लिटरची इंजिनं ट्रकांत बसू लागली, बहुतेक बिडाच्या ब्लॉकची. ५.३ चं एलएम-७ हे रूप १९९९ ते २००७ पर्यंत चाललं. सिल्व्हराडो, टाहो, सबर्बन यांत ते मुबलक बसलं आणि वर्षानुसार २७० ते २९५ अश्वशक्ती देतं. तुमचं सहा सिलिंडरचं इंजिन, आकडा जास्त दाखवणाऱ्या जुन्या ग्रॉस पद्धतीनं मोजूनसुद्धा १५५ होतं. आकार आटोपशीर, सुटे भाग भरपूर, आणि थंडीत पहिल्या किल्लीला सुरू होतं. पहिल्याच प्रकल्पासाठी याहून शहाणी निवड मला दिसत नाही.

फक्त कुठलं ५.३, ते बघून घ्या. २००७ च्या सुमारास ट्रकांत आलेल्या पुढच्या पिढीत गरज नसताना चार सिलिंडर बंद ठेवण्याची सोय आहे. तिचे खास लिफ्टर (व्हॉल्व्ह उचलणारे छोटे भाग) अडकतात आणि कॅमला घेऊन जातात. शक्यतो त्याआधीचं घ्या. त्या जुन्या पिढीतही ७०६ क्रमांकाची काही सिलिंडर हेड 'कास्टेक' अशी ओतीव खूण असलेली आहेत. त्यांना आतून बारीक तडा जाऊन कूलंट गुपचूप तेलात उतरतं. बघायला जाल तेव्हा तेलाच्या झाकणाची आतली बाजू आणि रेडिएटरची पातळी दोन्ही बघा. मूळ गाडीत बसलेलं आणि चालू इंजिन ऐकायला मिळालं तर त्यासारखं काही नाही.

आणि सगळा संच एकाच गाडीतून घ्या. या एका गोष्टीसाठी मी हट्ट धरीन. इंजिन एका गाडीचं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुसरीचा, कॉम्प्युटर तिसरीचा असं जमवत गेलात तर क्रँक सेन्सरच्या चकतीचे दात जुळत नाहीत (जुन्यांत २४, नंतरच्यांत ५८), फ्लेक्सप्लेट जुळत नाही, थ्रॉटल जुळत नाही. २००३ पासूनच्या ट्रकांत बहुधा ॲक्सिलरेटरची केबल नसते, पेडल आणि त्याचं नियंत्रक यंत्र यांची जोडी असते, आणि ती त्याच इंजिनाची लागते. तेव्हा इंजिन, गिअरबॉक्स, न कापलेलं वायरिंग, कॉम्प्युटर, पेडल, एअर-फ्लो सेन्सर, अल्टरनेटर, पंप, अगदी पंख्याचे सॉकेटसुद्धा एकत्र उचला. ज्या गाडीतून संच घेतला तिची चोरी-रोधक यंत्रणा कॉम्प्युटरमधून काढून घ्या. नाहीतर इंजिन क्षणभर पेटून लगेच बंद पडेल आणि तुम्ही आठवडाभर पेट्रोलचा दोष शोधत बसाल.

बसवताना तीन ठिकाणी अडेल. ट्रकचा तेलाचा संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) खोल असतो, तो क्रॉसमेंबरला लागतो; या फ्रेमसाठी बनवलेला उथळ संप मिळतो, तोच लावा, क्रॉसमेंबर कापू नका. एसीचा कॉम्प्रेसर उजवीकडे खाली असतो, तो फ्रेमला भिडतो. आणि इंजिनाच्या माउंटांना ॲडॅप्टर प्लेट लागतात. त्या मागे-पुढे सरकणाऱ्या घ्या, म्हणजे इंजिन बल्कहेडपासून (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यापासून) किती अंतरावर ठेवायचं ते हातात राहतं.

पेट्रोलबद्दल कळकळीनं लिहितोय, कारण इथली चूक आगीत संपते. तुमच्या गाडीची टाकी केबिनमध्ये, सीटच्या पाठीमागे आहे. कार्ब्युरेटरला पाच-सात पीएसआय दाब पुरत होता. या इंजिनाला ५८ लागतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या नळीतून त्या दाबानं गळती झाली तर थेंब पडत नाहीत, फवारा उडतो. म्हणून टाकी हौद्याखाली, फ्रेमच्या दोन दांड्यांच्या मध्ये न्या, पंप टाकीच्या आत ठेवा, नळी इंजेक्शनच्या दर्जाची, म्हणजे एसएई ३० आर ९ असा शिक्का असलेलीच घ्या, आणि धडकेत पंप बंद करणारा इनर्शिया स्विच लावा. सीटमागची जागा मोकळी झाली की तीन टोकांचे सीटबेल्ट नीट बसवता येतात. त्यांचे वरचे बोल्ट नुसत्या पत्र्यात मारू नका, मागे जाड प्लेट द्या.

कूलिंगमध्ये एकच गोष्ट विसरली जाते. या इंजिनाच्या हेडच्या वरच्या टोकांना वाफ बाहेर काढणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्या बुजवून टाकल्या तर हवा हेडमध्ये अडकते आणि काटा सरळ असतानाही एखादा सिलिंडर आतून भाजून निघतो. त्या रेडिएटरच्या वरच्या भागात किंवा सर्ज टँकला जोडा.

गिअर आणि एक्सल यांचा हिशेब मात्र दोघांनी मिळून कागदावर करा, त्यात मजा आहे. तुमचा जुना गिअरबॉक्स तिसऱ्यात एकास एक आहे. समजा डिफरन्शियल ३.७३ चं आणि टायर २८ इंच व्यासाचे. ताशी ७० मैलांना इंजिन सुमारे ३,१०० फेरे फिरतं. एलएससोबत येणाऱ्या ४एल६०ई या ऑटोमॅटिकचा चौथा गिअर ०.७० चा आहे; त्याच वेगाला फेरे २,२०० वर येतात. हायवेवरची भीती आणि आवाज यांतला मोठा हिस्सा इथेच कमी होतो. तुमच्या एक्सलचं गुणोत्तर बघायला दोन्ही मागची चाकं उचला, दोन्ही बरोबरीनं एक पूर्ण फेरा फिरवा आणि प्रोपेलर शाफ्ट किती फिरला ते मोजा.

शाफ्टच्या कोनाचंही सांगायला हवं. युनिव्हर्सल जॉइंट वाकडा फिरतो तेव्हा तो प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा कमी करतो. दुसऱ्या टोकाचा जॉइंट तितक्याच कोनात असेल तर ती चढ-उतार पुसली जाते; नसेल तर विशिष्ट वेगाला अख्खी केबिन थरथरते आणि लोक टायर बॅलन्स करत फिरतात. तुमच्या गाडीचा शाफ्ट बहुधा दोन तुकड्यांचा, मधल्या बेअरिंगवर टेकलेला असेल. डिजिटल कोनमापक घ्या आणि गाडी स्वतःच्या वजनावर, ठरलेल्या उंचीवर उभी असताना मोजा. उंची आधी ठरवा म्हणालो ते यासाठीही. स्टँडवर लटकत्या एक्सलनं घेतलेलं माप काही कामाचं नाही.

वायरिंग पूर्ण नवं टाका. जुन्या वायरा त्या काळच्या छोट्या अल्टरनेटरच्या मापाच्या आहेत. १०० अँपिअरच्या वर देणारा नवा अल्टरनेटर त्यांवर लादू नका. इंजिन ते फ्रेम, फ्रेम ते केबिन, बॅटरी ते इंजिन अशा जाड अर्थिंगच्या पट्ट्या रंग खरवडून उघड्या धातूवर बसवा. मग दिवे, पंखा, पंप सगळं चालू ठेवून मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनाला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग कच्चं आहे. सेन्सर बिघडल्याचे जे अनाकलनीय प्रकार होतात, त्यांतले कितीतरी या एका मापानं सुटतात.

इलेक्ट्रिकचं थोडक्यात. जनरल मोटर्सनं स्वतः २०१९ मध्ये १९६२ च्या सी-१० मध्ये दोन मोटर बसवून दाखवल्या, फोर्डनं २०२१ मध्ये १९७८ च्या एफ-१०० च्या रूपात तेच केलं, आणि दोन्ही गाड्या मला मनापासून आवडतात. पण शेकडो व्होल्टच्या बॅटरीवर हात बसवण्याची जागा म्हणजे घरचं गॅरेज आणि पहिला प्रकल्प नव्हे. नको.

आता तुमच्या मुलीशी बोलतो.

बेटा, गाडी सुटी करून चेसिस रंगवायची तुझी इच्छा योग्य आहे, फक्त तिची वेळ आत्ता नाही. सुटी केलेली गाडी गॅरेजभर पसरते, बोल्ट कुठले ते विसरतं, आणि कामाचा उत्साह नेमका त्या काळात ओसरतो जेव्हा दाखवायला काहीच नसतं. खोक्यांत भरलेल्या अर्धवट गाड्या विकायला निघतात त्या अशाच. म्हणून तुम्ही गाडी चालती ठेवून काम करा. आधी ब्रेक आणि पुढचा भाग, जुन्याच इंजिनावर. ते झालं की गाडी चालवा. मग मागचा एक्सल आणि उंची. पुन्हा चालवा. मग टाकी आणि वायरिंग, आणि सगळ्यात शेवटी इंजिन-गिअरबॉक्स. प्रत्येक टप्प्याला गाडी रस्त्यावर आली पाहिजे. हे सगळं रंग न लावता, गंजरोधक प्रायमरवर. अशी उघडी-वाघडी गाडी काही महिने चालवा; काय गळतंय, काय घासतंय, कुठला ब्रॅकेट चुकीच्या जागी आहे, ते सगळं तेव्हाच बाहेर येतं. त्यानंतर तुझ्या मनासारखी पूर्ण सुटी करा आणि रंगवा. तोवर प्रत्येक भोक पाडून झालेलं असेल, नव्या रंगात ड्रिल घालावं लागणार नाही.

वेल्डिंग शिकायचं असेल तर केबिनच्याच जाडीचा भंगार पत्रा घे आणि त्यावर हात बसव. पातळ पत्र्यावर सलग रेघ मारलीस तर तो तापून पापडासारखा वाकतो. टाका इथे, टाका तिथे, मध्ये गार होऊ दे, असं करत जा. केबिनचे कोपरे तू करू शकशील. फ्रेम नाही, स्टिअरिंग नाही, ब्रेकचे ब्रॅकेट नाहीत, इतक्यात तरी. वायरिंगचा नकाशा मात्र पहिल्या दिवसापासून तू काढ. कुठल्या रंगाची वायर कुठून कुठे, फ्यूज किती अँपिअरचा, हे तुझ्या हातानं लिहिलेलं असेल तर दहा वर्षांनीही दोष शोधता येईल.

तुमच्यासाठी उरलेलं. बाहेरून जुनाच दिसावा ही तुमची इच्छा आहे, तर डॅशबोर्ड कापू देऊ नका. जुन्या चेहऱ्याचे, आतून इलेक्ट्रॉनिक असे मीटर मिळतात, आणि ते नव्या गिअरबॉक्सच्या सेन्सरवर चालतात. जुनी स्पीडोमीटरची केबल तिथे लागत नाही. सहा सिलिंडरचं इंजिन काढाल तेव्हा विकू नका, तेल भरून, तोंडं बंद करून ठेवा. त्याची किंमत फार येत नाही, पण गाडीला पुन्हा मूळ रूप द्यावंसं वाटलं तर तेच हवं.

कागदपत्रांचं काम आधीच करा. या गाडीचा व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर रिव्हेट केलेल्या पट्टीवर असतो. रंगकाम करणारे ती सहज काढून ठेवतात. अमेरिकेत ती पट्टी काढणं किंवा दुसऱ्या केबिनवर लावणं हा गुन्हा ठरू शकतो, तेव्हा ती जागेवरच झाकून रंग मारायला सांगा, लेखी सांगा. इंजिन बदलाचे आणि धुराच्या तपासणीचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग तपासणी लागत नाही, तुमच्या राज्यात काय आहे ते मोटर वाहन विभागाकडून इंजिन घेण्याआधी विचारून घ्या. विमा नेहमीचा घेऊ नका. नेहमीच्या विम्यात पन्नास वर्षांच्या ट्रकची किंमत भंगाराएवढी धरली जाते. आधी ठरवलेल्या किमतीचा विमा घ्या आणि त्यासाठी प्रत्येक पावती व कामाचे फोटो तारखेनिशी जपून ठेवा.

इंजिन बघायला जाण्याआधी मला तीन गोष्टी कळवा: टायरचा व्यास आणि रुंदी काय ठरली, एक्सलचं गुणोत्तर किती निघालं, आणि पुढचा क्रॉसमेंबर १९६९ चाच ठेवताय की ७१-७२ चा आणताय. यावरून संप कुठला आणि माउंट कुठे, ते नेमकं लिहून पाठवतो.